दाराआडचा आवाज

मी लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या नाकाची आळीभर ख्याती होती. मी त्यांना मामंजी म्हणत असे. आंब्याच्या दिवसांत माडीवरच्या खोलीत पेंढा घालून आढी लावलेली असे. मामंजी वर कधी चढत नसत. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहत, डोळे मिटत, एक दीर्घ श्वास घेत आणि सांगत, "खिडकीकडचे उद्या काढा. भिंतीकडच्यांना अजून हात लावू नका." ते कधी चुकले नाहीत.

एका वैशाखात घरभर आंबूस वास सुटला. मला स्वयंपाकघरातसुद्धा तो जाणवत होता. मामंजी मात्र पायरीशी उभे राहून म्हणाले, "अजून कच्चे आहेत. वेळ आहे." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, वर गेल्या आणि नासलेले आंबे सुपातून खाली आणून मागच्या दाराने खड्ड्यात टाकले. "सर्दी झालीय त्यांना," एवढंच त्या मला म्हणाल्या. त्या सर्दीचं पुढे वर्षभर कुणी नाव काढलं नाही.

मग दुपारच्या झोपेत ते हातपाय झाडू लागले. जेवण झाल्यावर ओटीवर आडवे होत, आणि जरा डोळा लागला की "हाकला, हाकला!" म्हणून ओरडत. एकदा उशाशी ठेवलेला तांब्या त्यांनी असा भिरकावला की तो अंगणात जाऊन पडला. जागे झाले तेव्हा स्वतःच हसत होते. "बागेत वानर शिरले होते गो. एक तर अगदी अंगावर आला." आम्हीही हसलो. बागेच्या धन्याला वानरांचीच स्वप्नं पडणार, त्यात नवल ते काय! दुखणं कधीच उंबऱ्यात येऊन बसलं होतं, पण तोंडाने काही सांगत नव्हतं.

पुढची दोन-तीन वर्षं मला एकाच लांबलचक दुपारसारखी आठवतात. समुद्रावरून पांढरट धुरकट उजेड येतोय, बागेच्या कडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर सरडा बसलाय, आणि मामंजी बागेतून परत येताहेत, दर खेपेला जरा अधिक हळू. आधी चालताना डावा हात हलेनासा झाला. मग पावलं आखूड झाली. अंगठा बोटावर सारखा फिरू लागला, जणू चिमटीत काही चोळताहेत. चेहरा मात्र स्थिर होत गेला. त्यांना आनंद झालाय की राग आलाय हे फक्त डोळ्यांवरून कळे. दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटत. पुढेही नाही, मागेही नाही. तेव्हा सासूबाई त्यांच्या पुढ्यात आपलं पाऊल आडवं ठेवत. ते ओलांडायचं म्हणून मामंजी पाय उचलत आणि घरात येत. ही युक्ती सासूबाईंना कुणी शिकवली नव्हती. एकदा चुकून त्यांचा पाय मध्ये आला आणि मामंजी चालू लागले, इतकंच.

वैद्यांनी पाहून सांगितलं, "कंपवात आहे. बरा होणार नाही, पण सोसेल असा करू." त्यांनी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण दुधातून द्यायला सांगितलं. त्याने हात सुटले, मामंजी पुन्हा बागेच्या टोकापर्यंत जाऊ लागले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

आणि त्याच सुमारास ती माणसं येऊ लागली.

एका संध्याकाळी मी दिवा घेऊन ओटीवर गेले. मामंजी झोपाळ्याच्या कडेला अंग चोरून बसले होते.

"असे कडेला का बसलात?" मी विचारलं.

"मुलं बसलीयत ना गो. त्यांना जागा नको?"

मी पाहिलं. झोपाळा रिकामा होता.

"कुणाची मुलं?"

"काय ठाऊक. बोलत नाहीत. दमून आलेली दिसतात. पाणी दे त्यांना."

मी आत पळाले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, एक तांब्या भरला आणि ओटीवर नेऊन ठेवला. "आता पितील," त्या मामंजींना म्हणाल्या. मामंजींचा जीव शांत झाला.

मग रोज कुणी ना कुणी येई. कधी ओल्या लुगड्यांतल्या बायका आंब्याच्या कलमांखाली उभ्या असत, कधी पांढरी कुत्री, कधी अंगणात गलबतं लागलेली. त्यांतलं कुणी त्यांना त्रास देत नसे. एक लहान मुलगी म्हणे माझा पदर धरून हिंडत असे. मला तोवर मूल नव्हतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी परसात जाऊन रडले. मग हळूहळू सवय झाली. ते ओटीवर असले की मी जरा सावकाश चालत असे, पदराला हिसका बसू नये म्हणून. हे मी कुणाला सांगितलं नाही.

शेजारणी म्हणाल्या बाहेरचं असेल, देवळात कौल लावा. कौल लावला, नारळ वाढवला, माणसं येतच राहिली. वैद्य म्हणाले, "औषधाने हात मोकळे होताहेत, पण त्यानेच भासही वाढत असावेत. कमी केलं तर भास कमी होतील, पण अंग आखडेल. काय करू?" सासूबाईंनी मामंजींनाच विचारलं. तेव्हा त्यांचं डोकं स्वच्छ होतं, आणि तसे दिवस बरेच असत. ते म्हणाले, "माणसं असू देत. मला बागेत जाऊ दे."

माझे यजमान मुंबईला नोकरीला होते, गणपतीला आणि शिमग्याला येत. त्या गणपतीत जयगडहून आलेले एक चुलतसासरे जेवताना म्हणाले, "गावात वेड्यांचं इस्पितळ आहे, तिथे ठेवा. घरात सुनाबाळी वावरतात." यजमानांनी मान खाली घातली. सासूबाई वाढत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. "ते वेडे नाहीत. जागेपणी स्वप्न पाहताहेत. भात घालू का आणखी?" विषय तिथेच संपला.

पुढच्या वर्षी मामंजींना घर परकं वाटू लागलं. "हुबेहूब आपल्या घरासारखं बांधलंय," ते खांबावरून हात फिरवत म्हणत, "पण हे आपलं नव्हे. चला, उशीर झाला, घरी जाऊ." समजावून उपयोग नसे. मग मी छत्री घेई, सासूबाई त्यांचा हात धरत, आणि आम्ही तिघं बागेला वळसा घालून त्याच अंगणात परत येत असू. "आलो बाई एकदाचे," म्हणून ते झोपाळ्यावर बसत, आणि मलाही खरंच कुठूनतरी लांबून आल्यासारखं वाटे.

आणि मग ते झालं, ज्याची मला मनातून भीती वाटत होती. सासूबाई पेज घेऊन आल्या आणि मामंजींनी वाटी हाताने दूर सारली.

"आपण कोण बाई?"

"मी. असं काय करायचं ते?"

"चेहरा तिचाच घेतलाय. लुगडंही तिचंच. पण ती नव्हे तुम्ही. ती कुठाय? काय केलंत तिचं?"

ते चिडले नव्हते. घाबरले होते. सासूबाई उभ्याच राहिल्या. पेजेची वाटी माझ्या हातात देऊन त्या माजघरात गेल्या. माझ्या हातून मामंजी दोन घोट प्याले आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "तिला कुठे नेलंय?"

तीन दिवस हे चाललं. सासूबाई समोर आल्या की ते तोंड फिरवत. चौथ्या दिवशी सासूबाई माजघरात तांदूळ निवडत होत्या. तिथून त्यांनी मला काहीतरी हाक मारून सांगितलं, चुलीवरच्या दुधाबद्दल असेल. ओटीवर मामंजींनी मान वर केली.

"आलीस का गो?"

सासूबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग त्या उठल्या, दाराशी आल्या, पण बाहेर आल्या नाहीत. दाराच्या फळीमागे उभ्या राहिल्या.

"आले ना," त्या म्हणाल्या.

"कुठे होतीस इतके दिवस?"

"इथेच. कामात."

"कोणी बाई तुझं लुगडं नेसून हिंडत असते. बरी आहे, पण..."

"असू दे. कामाला ठेवलीय मी तिला. तिच्या हातून पेज घ्यायची. घेणं होईल ना?"

"तू सांगतेस तर घेईन."

त्या दिवसापासून घरात दोन सासूबाई झाल्या. एक पेज भरवणारी, न्हाऊमाखू घालणारी, जिच्याशी मामंजी अदबीने 'अहो बाई' म्हणून वागत. दुसरी दाराआडची. तिच्याशी ते तासन्‌तास बोलत. कलमांबद्दल, मुंबईच्या मुलाबद्दल, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका बोटीच्या प्रवासाबद्दल. एकदा मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" त्या दाराला टेकूनच बसल्या होत्या. "वाटतं गो. पण लग्न झालं तेव्हा दिवसाउजेडी यांच्याशी बोलायची सोय नव्हती. सासू बसलेली असायची. अशीच दाराआडून दोन शब्द बोलून घ्यायची. तेव्हा राहून गेलेलं सगळं आता बोलून घेते." असं म्हणून त्या लाजल्या. मी त्यांना लाजताना तेवढंच पाहिलं.

त्यानंतर दुखण्याने वेग घेतला. गिळताना ठसका लागू लागला, आवाज कुजबुजीइतका झाला, चालणं थांबलं. येणारी माणसंही कमी झाली, किंवा मामंजींनी त्यांच्याबद्दल सांगणं सोडलं.

भाद्रपदातल्या एका सकाळी मी सासूबाईंसोबत त्यांना उशीला टेकवून बसवत होते. ऊन कौलांतल्या काचेतून खाली आलं होतं. मामंजींनी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. ते हळूच म्हणाले, "तू इतकी म्हातारी कधी झालीस गो?"

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "इकडचं लक्ष नव्हतं, तेव्हा."

त्यांच्या स्थिर चेहऱ्यावर काही हललं नाही, पण डोळे हसले. त्यांनी सासूबाईंच्या कानामागची पांढरी बट बोटाने मागे सारायचा प्रयत्न केला. हात पोचेना, तेव्हा सासूबाईंनीच डोकं खाली वाकवलं.

दुपारपर्यंत ते पुन्हा धुक्यात गेले. नवरात्रात, पहाटे ओहोटी लागता लागता, गेले. यजमान बोटीने दुसऱ्या दिवशी पोचले.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी मला समजावलं, की नाक, झोप, हात, ती माणसं, ते परकं घर, हे सगळं एकाच दुखण्याचं, पायरी पायरीने वर चढलेलं. मी ऐकून घेतलं. सासूबाईंना सांगायला त्या तेव्हा नव्हत्या. मामंजींच्या माघारी त्या आठ वर्षं जगल्या, आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी माझ्याबरोबर पुळणीवर येत. वाळूत बसून, लाटांकडे पाहत, त्या कधीकधी हलक्या आवाजात काहीतरी बोलत असत. मी चार पावलं पुढे जाऊन माझ्या मुलीला शिंपले वेचून देत असे.