स्लॅबवरची तोंडी परीक्षा

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा मी मेडशीच्या आमच्या घराच्या स्लॅबवर बसून दिली. परीक्षक लांबच्या शहरांत होते, त्यामुळे ती ऑनलाइनच होणार होती. बाबा म्हणाले, "मंग इथूनच दे ना. आमालेबी पाह्यता येईन." बाबा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले.

रेंज फक्त स्लॅबवर यायची. तिथं सोयाबीन वाळत होतं. मायनं ते कोपऱ्यात सारलं, विहारातली सतरंजी आणून अंथरली. कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं दोघं माझ्यासमोर बसले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी इंग्रजीत बोलत राहिले. दोघांना एक अक्षर कळत नव्हतं, पण कुणी हललं नाही. शेवटी परीक्षकांनी अभिनंदन केलं, स्क्रीन काळी झाली आणि मायच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाबा मात्र बसूनच होते.

"आता आमाले सांग. एवढा वेळ काय बोलून राह्यली होती?"

मी सांगायला लागले. एका धातूचा एकच अणू, त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बनची कडी, असा माझा रेणू. तो एकटाच एक चुंबक. त्याला अतिशय थंड करायचं, मोठ्या चुंबकानं एका दिशेला वळवायचं, मग तो मोठा चुंबक बंद करायचा आणि दिशा किती वेळ टिकते ते पाहायचं.

"मंग टिकते का?" मायनं विचारलं.

"नाही टिकत. काहून टिकत नाही, तेच तं शोधत होते. बाबा, दिशा बदलाची तं मधात घाट लागते, आपल्या पातूरच्या घाटासारखा. रेणू सारखा थरथरत राह्यते. जराशी ऊब भेटली की त्या थरथरीतून त्याले जोर येते, अन् घाट चढून पलीकडं उतरते."

"मंग ऊबच नको देऊ."

"नाही देत, माय. तरीबी जाते. इतका बारीक जीव, की घाट न चढता डोंगरातून आरपार निघून जाते."

बाबांचा चेहरा कसनुसा झाला. "म्हणजे बिनतिकीट?"

आम्ही तिघंही खूप हसलो.

शेजारचे रेणूही त्याला ओढतात, हे मी पुढं सांगितलं. म्हणून मधे बिनचुंबकाचे रेणू भरून त्याला बाकीच्यांपासून लांब ठेवलं, तेव्हा चुंबकत्व बरंच जास्त टिकलं. माय ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "तूबी तं एवढे वर्स एकटीच होती तिकडं." तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि चहा ठेवायला खाली गेली.

आता बाबा नाहीत. मायशी फोनवर बोलताना ती स्लॅबवर आहे असं कळलं, की मला ती दुपार आठवते. आणि दुसऱ्या दिवसाची सकाळही.

त्या सकाळी बाबा मला घेऊन पेढे आणायला तालुक्याच्या गावी, मालेगावला गेले. पोरगी कशाची डॉक्टर झाली, असं दुकानदारानं विचारलं. बाबा काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून सांगू लागले, "चुंबकाची. रेणू असते ना, थो पातूरचा घाट चढून पळून जाते. हे त्याले पकडते."

मी दुरुस्त केलं नाही. दुकानदार मान डोलावत होता, तागडी हातातच राहिली होती. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. बाबांनी त्याला जागा करून दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.