आप्पांनी न ऐकलेली सनई

माझा राग नाकावर असतो, हे शिरूरमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी कुरिअरवाल्या पोरानं तो चौकोनी खोका उंबऱ्यावरून आत भिरकावला, तेव्हा मी जे काही बोलले ते ऐकून समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं, असं आमचे हे अजून सांगत असतात. त्यात बरंच तिखटमीठ आहे. ते शटर दुपारचं रोजच खाली येतं.

खोक्यात ग्रामोफोनची तबकडी होती. एकच, पण जाडजूड आणि परदेशात नव्यानं छापलेली. सनईची एक जुनी मैफल मूळ टेपवरून पुन्हा उतरवलेली. मी ती माझ्या पगारातून मागवली होती, आणि किंमत आमच्या ह्यांना सांगितली नव्हती. खोक्यावर ती चिकटवलेलीच होती. हे वडगाव रासाईच्या शेतकरी घरातले, त्यामुळे जगातली कुठलीही किंमत ते आधी गोठ्यात नेऊन बघतात.

"एवढ्यात म्हशीची महिनाभराची पेंड आली असती की," ते म्हणाले.

"म्हैस सनई वाजवते का?"

"दूध तरी देती. ही काय देनार?"

खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता. मी स्वतःच तो स्वतःला अनेकदा विचारलेला आहे. असल्या महागड्या तबकड्यांच्या बाबतीत मी आधी एकदा चांगलीच फसले होते. तेव्हाही असंच चकचकीत कव्हर होतं, आत माहितीचं छोटं पुस्तक होतं, आणि आवाज मात्र कांबळं पांघरून गायल्यासारखा. तबकडी जाड म्हणजे आवाज चांगला, ही शुद्ध थाप आहे. जाडीनं फार तर ती वाकत नाही. मूळ टेप चांगली असावी लागते, आणि ती तबकडीवर उतरवणारा माणूस घाईतला नसावा लागतो. हे दोन्ही जमलं, तर सुरांच्या खाली जी शांतता असते ती ऐकू येते. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते या शांततेचे. आता माझ्या घरामागून नगर रस्ता जातो. मी शांततेला पैसे मोजायचे आणि एसटीनं हॉर्न फुकट द्यायचा, असा तो कार्यक्रम असतो. त्यामुळे कुणी सल्ला विचारला, तर दहातल्या नऊ वेळा मी सांगते, घेऊ नका.

ही दहावी वेळ होती, आणि ती माझ्या वडिलांमुळे आली होती.

आप्पांचा वरवंडला स्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, जत्रा, कुस्त्या, काहीही असो, आसपासच्या गावांत आप्पांचे कर्णे लागायचे. झाडाला किंवा उंच बांबूला कर्णा, मांडवाच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर मशीन, आणि मशीनशेजारी आप्पा. लग्नाच्या सकाळी त्यांची पहिली तबकडी ठरलेली असे. सनईची. ती वाजली की गावाला कळायचं, मांडव जागा झाला. ही तबकडी त्यांनी दौंडला, बदली होऊन निघालेल्या एका रेल्वेतल्या माणसाकडून घेतली होती. त्या माणसाच्या सामानाच्या बांधाबांधीत तिला एक खोल ओरखडा पडलेला होता.

झालं असं, की सनई चढत चढत एका जागी पोचली की पिन अडकायची आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा. आप्पा मग उजव्या हाताच्या बोटानं पिनेची दांडी हलकेच पुढे सरकवायचे. मधलं काहीतरी निघून जायचं आणि सनई पुढे चालू व्हायची. हे ते इतक्या सफाईनं करत, की मांडवातल्या कुणाला पत्ता लागत नसे. बोलताना, चहा पिताना, कुणाला नमस्कार करतानाही बोट वेळेवर पोचायचं. मी त्यांच्या टेबलाखाली बसून लहानाची मोठी झाले आणि मला ती सनई तशीच पाठ झाली. चढ, मग एक बारीक टक, आणि एकदम उतार.

मधे काय होतं, हा मला लहानपणापासूनचा प्रश्न. आप्पा म्हणायचे, "काय नसंल तितं. नुसती घुईघुई." आई म्हणायची, "एवढा चढलेला मानूस असा धपकन खाली येईल व्हय? काहीतरी हाय तितं." घरात यावरून वाद झाला नाही असं लग्नसराईचं एकही वर्ष नसेल. पुढे कॅसेटी आल्या, धंदा बसला, सगळ्या तबकड्या आणि मशीन विकून टाकलं, आणि वाद तसाच राहिला. मोठी झाल्यावर मी ती मैफल शोधायला लागले. मोबाईलवर त्या वादकाच्या कितीतरी मैफली मिळाल्या, ही नाही. जुन्या बाजारात हिची एक तबकडी सापडली, ती आप्पांच्या तबकडीहून वाईट निघाली. आप्पांचं वय होत चाललं होतं. त्यांनी ती सनई एकदा तरी पुरती ऐकावी, यासाठी माझा जीव तळमळत होता. म्हणून ही नवी छपाई आल्याचं कळताच मी मागचापुढचा विचार न करता पैसे भरून मोकळी झाले.

आमच्या ह्यांनी शेवटी तोडगा काढला. तबकडीवर डाग किंवा ओरखडा नसेल, तर दुकान ती ठरावीक मुदतीत परत घेणार होतं. "मामांम्होरं लाव," ते म्हणाले. आप्पांना ते मामा म्हणतात. "त्या मधल्या जागी काय निघालं तर ठेव. नुसती घुईघुई निघाली तर परत धाड." मी कबूल झाले. तबकडी वाकडी नाही ना, एवढं उघडून पाहिलं, आणि न वाजवता पुन्हा कव्हरात घातली. मला ती पहिल्यांदा आप्पांबरोबरच ऐकायची होती.

खंडेनवमीला आम्ही गाडीत माझं मशीन, दोन स्पीकर आणि तबकडी घेऊन न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून वरवंडला गेलो. माहेरी पूजेची गडबड चालू होती. पाटावर विळा, खुरपं, शिलाई मशीनचं चाक, नातवंडाचं दप्तर आणि आप्पांचा जुना टेस्टर मांडलेला. मी मशीन बाहेरच्या खोलीत जोडायला लागले. वायर कमी पडली म्हणून गाडीकडे गेले. परत येऊन बघते तो तबकडीचं रिकामं कव्हर कॉटवर पडलेलं, आणि तबकडी पाटावर, झेंडूच्या फुलांच्या मधोमध. आईच्या बोटांना ओलं कुंकू.

"आई, काय केलंस हे? तिला साधा हातसुद्धा लावायचा नसतो."

"खंडेनवमीला नवी वस्तू घरात आली आन् तिला हळदकुंकू नगं?" आई शांतपणे म्हणाली. "तुज्या बापाच्या रेकार्डींची पूजा मीच करत व्हते. वरडू नगंस, आदी बघ तरी."

मी बघितलं. हळदीकुंकवाची दोन बोटं मधल्या गोल कागदावर होती, नेमकी. काळ्या भागावर एक थेंबसुद्धा नव्हता. मात्र एक गोष्ट पक्की झाली होती. आता ती तबकडी कुठलंही दुकान परत घेणार नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते झेंडूची एक पाकळी उचलून तिच्याकडे फार लक्ष देऊन बघत होते. आता त्या मधल्या जागी घुईघुई निघाली, तर पुढची कितीतरी वर्षं मला घरात पेंड ऐकून घ्यावी लागणार होती.

आप्पा आले. पांढरी टोपी, सदरा, हातात काठी. मशीनभोवती एक चक्कर मारली. "भोंगा कुटंय?"

"याला भोंगा नसतो, आप्पा. हे दोन खोके आहेत ना."

"मग गावाला कसं ऐकू जानार?"

"गावाला नाही, तुम्हाला ऐकवायचंय."

हे काही त्यांना पटलं नाही, पण ते मशीनच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. उजव्या बाजूला. मी त्यांना समोर, दोन्ही स्पीकरच्या मधे बसा म्हटलं, तर ऐकलंच नाही. आई जमिनीवर त्यांच्या पायाशी बसली. हे दाराला टेकून उभे राहिले.

मी पिन ठेवली. सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही, ना खरखर ना कुरकुर. आप्पांनी वाकून पाहिलं, मशीन चालू आहे ना म्हणून. आणि मग सनई आली. अगदी जवळून, म्हणजे फुंकणाऱ्याचे गाल दिसावेत इतक्या जवळून. आप्पांच्या भुवया वर गेल्या आणि तिथंच राहिल्या. आई पदर तोंडाशी धरून हसायला लागली. मलाही हसू आवरेना. मांडवातल्या कर्ण्यातून आम्ही जी सनई ऐकली होती, ती हिच्यापुढे धुक्यातल्या माणसासारखी होती.

सनई चढायला लागली. हे दारापासून दोन पावलं आत आले. आता ती जागा येणार, आता येणार, आणि ती आली, आणि त्या क्षणी आप्पांचं उजवं बोट पुढं गेलं आणि त्यांनी दांडी सरकवली.

टक. आणि एकदम उतार.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. आप्पांनाही नाही. ते मान डोलवत पुढचं ऐकत होते. मग त्यांनी आमची तोंडं पाहिली, स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आयला."

आम्ही जे हसलो, ते शेजारची माणसं काय झालं म्हणून विचारायला आली. आमचे हे कॉटवरच आडवे झाले. इतकी महाग तबकडी, इतक्या लांबून आलेली, ओरखडा म्हणून नाही, आणि माझ्या बापानं ती हातानं उडी मारायला लावली होती. चिडायला पाहिजे होतं. माझ्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. पिनेनं कुठं चरा तर पाडला नाही ना, हे बघायचंही सुचलं नाही.

"परत लाव," आप्पा म्हणाले. "आता न्हाई हात लावत."

"तुमी न्हाई लावत, त्यो लागतोय," आई म्हणाली. तिनं हात वर करून त्यांचा उजवा हात खाली ओढला आणि स्वतःच्या मांडीवर दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. जावयासमोर आप्पा लाजले. सोडवायला गेले, पण आई ऐकेना.

मी पिन पुन्हा सुरुवातीला ठेवली. सनई चढत गेली. ती जागा आली, तसा आप्पांचा खांदा उचलला गेला, हात ताणला गेला, आणि आईनं तो दाबून धरला. सनई खाली आली नाही. ती तिथंच, वर थांबली. साथीदाराची मागची सनई नुसता सूर धरून राहिली, ताल थांबला, आणि त्या शांततेत वाजवणाऱ्यानं श्वास घेतलेला आम्हाला ऐकू आला. मग त्याचा सूर आणखी एक पायरी वर गेला. अजून वर जागा आहे असं वाटलंच नव्हतं. तिथं तो जरासा थरथरला आणि मग घाई न करता, एकेक करत उतरू लागला. सगळं मिळून अर्धं मिनिट असेल. मी मुद्दाम ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मला हातानंच, गप्प ऐक, अशी खूण केली.

"हाय की गं तितं," आप्पा हळूच म्हणाले. "लई हाय."

सनई पुढे चालूच होती. आई माझ्याकडे वळली. "आमच्या लग्नात ह्ये पाटावरनं उतरलं व्हतं, ठावं हाय ना तुला?"

ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ऐन मुहूर्ताला तहान लागली म्हणून नवरदेव पाटावरून उतरला, असं आप्पा स्वतःच सांगत आले होते.

"तहान कसली?" आई म्हणाली. "सोताच्या लग्नाला सोताचंच मशीन लावल्यालं. अंतरपाट धरला, भटजी सुरू करनार, आन् हितं, ह्या जाग्याला अडाकली. तेच तेच वाजाया लागलं. ह्ये मुंडावळ्या सावरत पळालं. मी हार घिऊन हुबी. अंतरपाटाखालनं बघती तर पल्याड पायच न्हाईत."

आप्पा मान खाली घालून ऐकत होते. स्पीकरवाल्याच्या स्वतःच्या लग्नात रेकॉर्ड अडकली, ही त्यांच्यासाठी केवढी नामुष्की असणार. आईनं इतकी वर्षं ती आम्हा मुलांना कळू दिली नव्हती.

"मला वाटलं, नवरा पळाला," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. आप्पाही हसले, खोकेपर्यंत हसले.

ती तबकडी मोजलेल्या पैशांच्या मोलाची होती का, असं मला आता लोक विचारतात. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी दुप्पट मोजले असते. बाकीच्या तबकडीला मी आजही महागच म्हणते. आनंदात माणसानं हिशेब विचारू नये, एवढंच मला कळतं, आणि त्या दुपारी मी आनंदात होते.

दोघं हसत असतानाच सनई संपली. शेवटच्या रिकाम्या जागेत पिन नुसती फिरत राहिली, खर्र, खर्र. आप्पांनी पिन कधी अशी रिकामी फिरू दिली नव्हती. कुणी दिलीच तर ती उचलायला ते जेवत्या ताटावरून उठून जायचे. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईनं हात सोडलेला नव्हता. आप्पा जागचे उठले नाहीत.