तळहातावरचं इष्टलिंग

लातूरच्या दवाखान्यात पत्नीच्या स्ट्रेचरशेजारी उभा असतानाही देवावरचा राग मला आवरत नव्हता. सकाळी उदगीरला चहा गाळता गाळता ती डोकं धरून खाली बसली, ओकली, आणि तिचा डावा हात लुळा पडला. पहिल्या तपासणीत मेंदूत रक्तस्राव दिसला. आता रक्तवाहिन्या बघण्यासाठी तिला पुन्हा मशीनवर घ्यायचं होतं. जन्मभर नेमाने पूजा केली ती तिने. टाळाटाळ केली ती मी. मग हिलाच का, हे मनातून जाईना.

तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "काका, मानेचाबी फोटो निघणार हाय. गळ्यातली डबी काढा, चांदीमुळं आतलं नीट दिसत न्हाई."

झालं, माझं डोकंच फिरलं. आम्हा लिंगायतांत डबीतलं इष्टलिंग जिवंतपणी देहापासून दूर करत नाहीत. ते माणसाबरोबरच मातीत जातं. पूजा न करणारा मी तिथे एकदम कर्मठ झालो. "रक्त डोक्यात हाय, मान कशाला बघता?" म्हणून अडून बसलो. खरं सांगतो, धर्माची चाड वगैरे काही नव्हती. डबी काढली की ही गेलीच, एवढीच धास्ती होती. मुलगी रडत विनवत होती, डॉक्टरांचा निरोप दोनदा येऊन गेला, आणि मी आपला येरझाऱ्या घालत होतो.

बाकावर औशाकडची एक म्हातारी बसली होती, कपाळाला विभूती. ती उठून जवळ आली.

"अप्पा, पूजेला लिंग कुठं घेता?"

"तळहातावर."

"मग आताबी तिच्या हातावरच द्या की. आंगालाच लागून ऱ्हातंय. कशापायी वेळ घालवायलात?"

मला माझीच लाज वाटली. एवढी साधी गोष्ट सुचू नये? मी डबी सोडवून लिंग पत्नीच्या डाव्या हातावर ठेवलं. बोटं मिटत नव्हती, तेव्हा म्हातारीने आपल्या रुमालाने तिची मूठ बांधली.

फोटो बघून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मानेतून मेंदूकडे जाणारी डावीकडची मुख्य धमनी तिला जन्मापासून नव्हतीच. असं फार क्वचित असतं म्हणाले. सगळा भार उजवीवर, तिथेच फुगा येऊन फुटला होता. उपचार करताना उजवी वाट थोडा वेळ बंद करायचा त्यांचा विचार होता. "मान बघितली नसती तर तसंच केलं असतं, आणि त्या टेबलावरच त्या गेल्या असत्या," ते म्हणाले.

ती वाचली. म्हातारीला मी दोन दिवस वॉर्डावॉर्डांत शोधलं. कुणाला ती आठवेना. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही, मला तिच्या पाया पडायचं राहून गेलं एवढंच मनाला लागतं.

हल्ली सकाळी मीही पूजेला बसतो. पत्नीचा तळहात अजून थरथरतो, मग मी खालून हात लावतो. मागणं काही सुचत नाही. 'तूच बघ' म्हणतो आणि गप्प बसायला शिकतोय.