नावाआधीचं पायथन

आई गेल्यानंतर बडोद्यात, निजामपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मराठी बोलायला कोणी उरलं नाही. ऑफिसचं काम घरूनच आणि इंग्रजीत. दूधवाला, भाजीवाली, शेजारच्या बाई, सगळ्यांशी गुजराती. लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या एका डिस्ट्रोसाठी, म्हणजे आवृत्तीसाठी, मी बिनपगारी काम करायचे, ते त्या दिवसांत फार वाढलं. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची पॅकेजं बांधायची, म्हणजे कोणालाही ती सहज आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात. तिथे सगळे मला एका टोपणनावानं ओळखत. आठ वर्षांत त्यांतल्या कोणी माझा आवाज ऐकला नव्हता.

एकदा मला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली एक छोटी लायब्ररी, म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड, सापडली. मराठी शब्द अकारविल्हे लावणारी. क्ष आणि ज्ञ ती अगदी शेवटी ठेवायची, शाळेच्या तक्त्यावर असत तसे. लायब्ररीला एका बाईचं नाव होतं, तीन अक्षरी, इंग्रजीत लिहिलेलं, पहिलं अक्षर कॅपिटल.

आमच्या डिस्ट्रोत प्रत्येक भाषेच्या लायब्रऱ्यांना नाव देण्याचे नियम ठरलेले आहेत. पायथनची असेल तर नावाआधी 'पायथन' हा शब्द लागतो आणि सगळी अक्षरं लहान लिहायची. मी तसं नाव तयार केलं आणि मूळ लेखकाला रिवाज म्हणून कळवलं. परवानगीची गरज नव्हती, लायब्ररी सगळ्यांसाठी खुली होती. संध्याकाळी मराठीत उत्तर आलं : 'कृपया तिचं नाव बदलू नये.' खाली पत्ता होता, बडोद्याजवळच्या डभोईचा.

ईमेलनं समजावता आलं असतं. पण कित्येक महिन्यांत मला कोणी मराठीत दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. रविवारी मी डभोईची एसटी पकडली.

दार एका सत्तरीच्या गृहस्थांनी उघडलं. "आवो बेन," म्हणाले, आणि मी मराठीत उत्तर दिल्यावर एकदम सावरून उभे राहिले. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. बडोद्याच्या मराठीत मिसळलेले गुजराती शब्द ती कार्डांवर लिहून ठेवायची. कार्डांचे सात खोके मागे राहिले. ते क्रमानं लावायचे म्हणून हे या वयात पायथन शिकले.

"लायब्ररीला त्यांचंच नाव दिलंत," मी म्हटलं.

"माहेरचं. लग्नात मी बदललं होतं ते. ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं नवं नाव लिहिलं. ते माझ्या आईनं निवडलं होतं. हिला कोणी विचारलं नाही, मीही नाही."

"त्या कधी काही बोलल्या का?"

"एकदा. म्हणाली, अंगठी ताटावर करकरत होती. इतकंच." ते खोक्यांकडे बघत राहिले. "आता तुम्ही पुन्हा बदलणार. कशासाठी? नियम आहे म्हणून!"

मी लॅपटॉप काढला, बांधलेलं पॅकेज उतरवलं आणि तो त्यांच्यापुढे सरकवला. "काका, आता प्रोग्रॅम लिहा. तिला आत बोलवा."

त्यांनी एका बोटानं 'इम्पोर्ट' टाइप केलं आणि पुढे ते नाव, कॅपिटल अक्षरासकट. लायब्ररी बिनतक्रार आली.

"पायथन फक्त पॅकेजला लागतं," मी म्हटलं, "यादीत सापडावं म्हणून. आतलं नाव मी बदललेलं नाही. जो कोणी वापरेल त्याला याच नावानं हाक मारावी लागेल."

"म्हणजे बाहेर तुमचं, घरात तिचं."

"हो."

"आमच्याकडे पुढे माहेरचे लोकही तिला नव्याच नावानं हाक मारायला लागले." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "करा."

पॅकेज मंजूर झालं तेव्हा मी फोन केला. त्यांनी ते आपल्या संगणकावर उतरवलं. मी फोन कानाला धरून थांबले होते. "आलं," ते म्हणाले. मग, "बेन, आता पुढे काही करायचं असतं का?"

"नाही काका. झालं."

"हं."

दोघांपैकी कोणीच फोन ठेवेना. शेवटी तेच "आवजो मग" म्हणाले.

त्यानंतर काही कारणच उरलं नाही. लायब्ररी नीट चालत होती, कोणाची तक्रार येत नव्हती. पुन्हा डभोईला जावं असं दर शनिवारी वाटायचं, पण काय सांगून जाणार? लोकांकडे नुसतं बसायला जायची माझी सवय मोडली होती. महिन्याभरानं मी एक प्रश्न तयार केला : यादीत ळ नेमका कुठे यावा? उत्तर मला माहीत होतं. तरी लिहून पाठवला.

त्याच दुपारी दोन पानी उत्तर आलं, ळ या अक्षरावर. शेवटी त्यांनी विचारलं होतं, 'ॲ आणि ऑ कुठे ठेवावेत, हे मात्र मला ठरवता येत नाही. आपण येऊन सांगू शकाल का?'