मामांचा एक्सल

आवडलेल्या वस्तूला नाक मुरडावं तर माझ्या बायकोच्या मामांनी. उभ्या ठाणे जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा सापडायचा नाही. विकणाऱ्यासमोर मालाला चांगलं म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्म. धसईच्या बाजारात त्यांनी वांग्यांची इतकी नालस्ती केली, की भाजीवाली पाटी डोक्यावर घेऊन घरीच निघाली आणि मामांना एसटी स्टँडपर्यंत तिच्यामागे जावं लागलं. आमचं लग्न ठरताना मला न्याहाळून ते म्हणाले होते, "पोरगा जरा बसकाच हाय." बायको कानात कुजबुजली, "पसंत पडलास."

मामी गेल्या तेव्हा मामांनी आपला ट्रक विकून टाकला आणि किन्हवलीच्या घरात एकटे राहू लागले. परवा त्यांचा फोन आला. "जावईबापू, मुरबाडला या. आपल्या गाडीचा मागचा एक्सल भंगारात आलाय. वैशाखरे गावात मारलेलं वेल्डिंग वळखलं मी. कापायच्या आत घ्यायचाय."

ट्रक नसताना एक्सल कशाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

भंगाराच्या दुकानात मामांनी एक्सलला पायानेच डिवचलं. "याची काय रया हाय का? आतलं गिअर खाल्लेलं असनार, तेलाच्या जागी चिखल. फुकट दिलात तरी वाटंत टाकून जाईन मी." पाऊण तास हे आख्यान चाललं. दुकानदार भक्तिभावाने ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाबा, तुमी जाणकार. मला वाटलं होतं, कोणी घेईल." आणि मागे वळून कामगाराला हाक मारली, "गॅस आण रे. हा पयला काप."

मामा मटकन एक्सलवर बसले.

"कापू नका," ते हळूच म्हणाले. "माझाच हाय तो. पाऊण तास खोटं बोललो."

दुकानदाराने कामगाराला थांबवलं आणि चहा सांगितला.

साखळीने टेम्पोत चढवून एक्सल किन्हवलीला आणला, अंगणात ठेवला. टेम्पो गेला. मामा एका टोकाशी मांडी घालून बसले आणि चाक बसतं ती जागा दोन्ही हातांनी धरली. "तुमी पल्याड बसा. मी फिरवतो. तिकडचा भाग उलटा फिरतोय का, सांगा."

"फिरतोय. उलटाच."

"मंग गिअर शाबूत हायत." त्यांनी हात पुसले. "एकट्याला कळत नाय हे. इकडनं तिकडचं दिसत नाय. तुमची मामी बसायची तिथं."

शहापूरच्या शेवटच्या एसटीची वेळ झाली होती. मी उठलो, पँट झटकली. पलीकडे मामा पुन्हा फिरवू लागले होते. मी परत खाली बसलो, आणि त्यांनी विचारायच्या आधीच म्हणालो, "फिरतोय, मामा."