पायाखालचा ब्रेक

१७ मार्च १९६४. सकाळी मी तुरीच्या डाळीची पोती बैलगाडीत रचत होते. तेवढ्यात धाकटी जाऊ नवऱ्याच्या नव्या तीनचाकी मोटारसायकलवर बसून धूळ उडवत पुढे गेली. तिच्या वाट्याला इंजिन आणि माझ्या वाट्याला बैलांच्या शेपट्या, हे मला सहन होत नव्हतं.

बाभुळगावच्या बाजारात पोचले, तर ती उतारावर, चालकाच्या जागेवर पाय दाबून बसलेली. गाडीला ब्रेक एकच, तोही पायाखाली; हातानं ओढून अडकवायचा दांडा नव्हताच. दीर माल विकायला गेलेले. पाय उचलला की गाडी घरंगळणार, आणि परक्या माणसाला हाक मारायची आमच्या घरच्या सुनांना मुभा नव्हती.

"बाई, तुमच्या गाडीचा ठोकळा द्या न चाकाखाली लावाले. मले बांगड्या भरायच्या हायेत."

"काहून वं? इंजिनच्या गाडीले लाकूड लागते काय?"

आमची गाडी सपाटीवर होती, ठोकळा नुसता पडून होता. तरी दिला नाही. हिरव्या बांगड्या भरून मी तिच्यासमोरून दोनदा गेले. लोक मात्र तिची गाडीच पाहत होते.

अशा गाडीला हाताचा ब्रेक हवाच, हे मला तेव्हाच पटलं. संध्याकाळी ती लंगडत घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाभळीचा ठोकळा मी तिच्या दारात ठेवला आणि पुढच्या बाजाराला ती बांगड्या भरेपर्यंत तिच्या जागेवर मी बसणार, असं सांगून आले.