मिस्त्रींनी शिकवलेला चढ

लोणावळ्याच्या बाजाराच्या टोकाला मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान होतं. घाट चढून येणारी मोटार समोर पोचायच्या आधीच ते मान वर न करता म्हणत, "ह्यानं वरचा गिअर लय येळ धरलाय." मग गाडी येऊन थांबे आणि ड्रायव्हर उतरून सांगे, की घाटात इंजिन तापलं, ओढच राहिली नाही. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवत आणि आधी त्या माणसाला चहा पाजत. निम्म्या गाड्यांना दुरुस्तीची गरजच नसते, चालवणाऱ्याच्या हाताला असते, असं त्यांचं मत होतं.

मिस्त्रींचं मुसलमान घराणं पिढ्यान्‌पिढ्या मावळातलं. त्यांचं बोलणं आमच्या कुणब्यांच्या बोलण्यासारखंच. पहिल्या लढाईत ते फिटर म्हणून इराकात बसऱ्याला गेले होते, तिथे पलटणीच्या मोटारसायकली त्यांच्या हाताखालून गेल्या. त्या दिवसांबद्दल ते फारसं सांगत नसत. एकदाच म्हणाले, की तिथे वाळूत ज्याला गिअर कळला तो परत आला.

मी तेव्हा वडगाव मावळला ढोरांचा डॉक्टर होतो. वाड्यावस्त्यांवर फिरण्यासाठी मी एक जुनी मोटारसायकल घेतली होती, बाजूला एका माणसाची साइडकार जोडलेली. टाकीला लागून एक दांडा होता, त्यानं हातानं गिअर बदलायचे. इंजिनाचा आवाज चढला की मला भीती वाटे, म्हणून मी घाईघाईनं वरचा गिअर टाकून मोकळा होई. गाडी चढावर धापा टाकी आणि बंद पडे. चौथ्यांदा ती बैलगाडीला बांधून दुकानी आणली, तेव्हा मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. मला घेऊन ते भुशीच्या वाटेला पायी निघाले. चढ सुरू झाला तिथे एका शेतकऱ्याकडून भाताचं अर्धं पोतं मागून घेतलं आणि माझ्या पाठीवर दिलं. बांधावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. माथ्यावर पोचेपर्यंत माझा सदरा भिजला.

"आता सांगा डॉक्टर," ते म्हणाले, "चढाला पावलं आखूड टाकली का लांब?"

आखूड, आणि भराभर, असं मी सांगितलं.

"इंजिनाचं बी त्येच. खालचा गिअर म्हंजी आखूड पाऊल. फेरे जास्ती, पर वझं हलकं. तुमी त्येला पोतं घेऊन ढांगा टाकायला लावता. वरडतंय त्येला भिऊ नका. कण्हाया लागलं, की भ्या."

त्यानंतर मी कधी बैलगाडीला बांधून आलो नाही. उतरण्याचा धडा त्यांनी एका वाक्यात दिला, की ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. शिकवण्याचं ते काही घेत नसत, पण माणूस पारखून घेत. एकदा बंगल्यात हवा खायला आलेल्या एका तरुणानं, ही जास्तीत जास्त किती पळेल, असं विचारलं. मिस्त्रींनी त्याला टांग्याचा अड्डा दाखवला.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला नाणे मावळात माहेरी गेली होती. दिवाळी नुकतीच सरली होती. मी कामानिमित्त लोणावळ्यात, मिस्त्रींच्या दुकानी आलो होतो, तेवढ्यात मेहुणा शोधत आला. कालपासून कळा येताहेत, मूल अडलंय, सुइणीनं हात टेकलेत, दवाखान्यात हलवा म्हणतेय, असं त्यानं सांगितलं. मी गाडी सुरू करायला गेलो, पण घाईत पेट्रोलची तोटी उघडायचीच विसरलो. मिस्त्रींनी दुकानाची फळी लावली आणि स्वतःच हँडल धरून पुढे बसले.

लोणावळ्याच्या दवाखान्याकडे परतताना बायको साइडकारमध्ये गोधडीवर होती आणि मी मागे. गावाबाहेरचा ओढा ओलांडला आणि क्लचची तार तुटली. क्लच दाबला की इंजिनाची चाकापासून घडीभर सुटका होते, म्हणून गिअर बदलता येतो. तो नाही म्हणजे दाते दात्यांवर आपटणार. थांबलो तर भरली गाडी त्या खाचखळग्यांत ढकलून सुरू करावी लागणार. आणि समोर खिंड होती.

"घट्ट बसा," मिस्त्री मागे न बघता म्हणाले. "आता थांबायचं न्हाई."

गाडी दुसऱ्यात होती आणि खिंड पहिल्याशिवाय चढणार नव्हती. इंजिन कण्हायला लागायच्या आत त्यांनी पेट्रोलची मूठ सोडली, दांडा दोन गिअरांच्या मधे आणला, मूठ एकदाच पिळली आणि इंजिनाचे फेरे चाकाला जुळले त्या क्षणी दांडा पहिल्यात सरकवला. दात्यांचा खरखराट झालाच नाही. माझ्या बायकोला तर काही घडल्याचं कळलंही नाही.

कामशेतला रेल्वेचं फाटक बंद होतं. मिस्त्रींनी ते लांबूनच पाहिलं आणि बैलगाडीच्या चालीनं गाडी रांगती ठेवली. इतकं हळू का, असं बायकोनं कण्हत विचारलं. ते म्हणाले, "ताई, रस्ता वंगाळ हाय. बाळाला हिसका नको." मालगाडी गेली, आणि आम्ही पाचसहा पावलांवर असताना फाटक उघडलं.

दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

त्याआधी, बायको आत असताना, मी दवाखान्याच्या आवारात आलो. मिस्त्री नवी तार बसवत होते. जुनी त्यांच्या हातात होती. पंधरा दिवसांपूर्वी तिचे दोन पदर तुटलेले पाहून त्यांनी मला ती बदलायला सांगितलं होतं आणि पुढच्या फेरीला बघू म्हणून मी टाळलं होतं. चूक माझी आहे, असं मी म्हणालो. त्यांनी तारेचं वेटोळं करून खिशात टाकलं.

"आत जावा," ते म्हणाले. "तितं तुमचं काम हाय."

तार बदलायचं मी टाळलं, ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. तार तुटल्याचं मागाहून कळल्यावर माझी बायको कौतुकानं त्या प्रवासाची हकीकत सांगे, आणि मिस्त्री समोर असले तर मान डोलवून म्हणत, "तारच ती, तुटायचीच." तिला खरं काय ते मीच सांगितलं, पण त्याला मला सहा वर्षं लागली.

दुसऱ्या लढाईत पेट्रोलला कुपनं आली, मोटारी कमी झाल्या, आणि मिस्त्रींची नजरही अधू झाली. मुलानं त्यांना कल्याणला बोलावून घेतलं. तिथे ते जेमतेम दीड वर्ष जगले. ते लोणावळ्याहून निघाले त्या दिवशी भाद्रपदातलं ऊन पडलं होतं. ट्रंक साइडकारमध्ये ठेवून ते माझ्या मागे बसले आणि भुशीवरून फेरी मारून स्टेशनावर चला म्हणाले. मागे बसले की त्यांची माझ्या कानाशी सारखी बारीक कुरकुर चाले, आता बदला, अजून थांबा. त्या दिवशी चढ गेले, उतार गेले, ते एक अक्षर बोलले नाहीत. मी धास्तावलो. स्टेशनावर ट्रंक उतरवताना काही चुकलं का, असं विचारलं.

"चुकलं असतं तर बोललो असतो," ते म्हणाले. "मी डोंगर बघत आलो. इतकी वर्सं ह्या वाटंनं गेलो, पर नीट बघायचं राहूनच गेलतं."